नीरेच्या कांठचें मीठ

मुलुंड, भांडुप, कांजूर या बाजूनें आगगाडीनें जाणाऱ्या वडीलधाऱ्या श्रोत्यांना पूर्वेकडचीं मिठागरें आठवत असतील. आतां त्यांतील बहुतेक बंद पडलीं आहेत. त्याच खाड्यांच्या कांठीं बांध घालून साष्टीच्या शेतकऱ्यांनीं भाताचीं खाचरेंहि केलीं होतीं. बांधाच्या एका अंगास मीठ पिकवावयाचें आणि दुसऱ्या अंगास तेंच घालवावयाचें, असा तो व्यवहार. घालविण्याचें काम पाऊस करी. या भागांत वर्षाकांठीं सुमारें ९० इंच पाऊस पडतो. मृगाच्या सरींनीं मातींतले क्षार विरघळले आणि ओहोटीच्या वेळीं उघाडींतून तें पाणी खाडींत सोडून दिलें, कीं जमीन भातास योग्य होई. खाऱ्या जमिनीला औषध गोड्या पाण्याचें, हा कोंकणचा अनुभव.

घाटावर नेमकें उलट घडलें. समुद्रापासून सुमारें शंभर मैल दूर, नीरेच्या खोऱ्यांत, गोडें पाणी आलें आणि जमीन खारावली.

नीरा सह्याद्रींत उगम पावत असली तरी बारामतीच्या आसपास ती पोंचते तेव्हां पाऊस मागें राहिलेला असतो. तेथें वर्षास कसाबसा २० इंच पाऊस, आणि तोहि लहरी. १८७६-७७ च्या दुष्काळानें हा मुलूख होरपळून निघाला. त्या आघातांतून नीरेचा डावा कालवा उभा राहिला. १८८५ सालीं त्याला पाणी सुटलें, व पुढें येळवंडी नदीवर भाटघरचें धरण १८९२ च्या सुमारास पुरें झाल्यावर तें उन्हाळ्यांतहि टिकूं लागलें. जोंधळा-बाजरीच्या रानांत उसाचे फड उभे राहिले, गुऱ्हाळें पेटलीं, बारामतीचा गूळ पेठेंत नांवाजला.

पहिलीं कांहीं वर्षें विहिरींचें पाणी वर चढूं लागलें याचा लोकांना आनंदच झाला असल्यास नवल नाहीं. दुष्काळ पाहिलेल्या माणसाला तुडुंब विहीर हें संकटाचें चिन्ह वाटावें तरी कसें? पण ओढ्यालगतच्या सखल शेतांत ऊस पिवळा पडूं लागला. हिंवाळ्यांत वाफ्यांवर पांढरी साय धरूं लागली. मग बीं उगवेना, आणि शेवटीं पाणीहि मुरेना.

हें मीठ आलें कोठून? १९१० सालीं पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरल्ड मॅन व त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हणे यांनीं नीरा खोऱ्यांतील खाऱ्या जमिनींवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. अशा जमिनींचा अभ्यास तेव्हांपासून आजवर चालला आहे, आणि त्यांतून जें उत्तर मिळालें तें विचार करण्यासारखें आहे. मीठ मुळांत जमिनींतच होतें. काळा पत्थर झिजतां झिजतां त्यांतून चुना, सोडा, मॅग्नेशिया सुटतात. कोंकणांत पाऊस ते समुद्रास नेतो; नीरेकांठीं ते निघून जाण्याइतका पाऊस नाहीं, म्हणून ते खोलवर पडून राहतात. काळ्या मातीखालीं मुरमाचा थर असतो. वरच्या अंगाच्या उसाला पाजलेलें जास्तीचें पाणी या मुरमांतून वाहत, क्षार बरोबर घेत, खालच्या अंगास येऊन वर दाटतें. तें पृष्ठभागापासून चार-पांच फुटांवर आलें, कीं दिव्याच्या वातींतून तेल चढावें तसें चढतें. ऊन पाणी उडवून नेतें, क्षार मागें ठेवतें.

एवढ्यावर थांबतें तर चांगला निचरा करून जमीन धुतां आली असती. काळ्या मातीचे चिकण कण मात्र सोडियम धरून ठेवतात आणि कॅल्शियम सोडून देतात. मग मातीची रवाळ घडी मोडते. ओली असतां ती राडा होते, वाळली कीं दगड. हिला शेतकरी चोपण म्हणतात. खारवट जमीन पाण्यानें धुतां येते, पण चोपणींत पाणी शिरतच नाहीं. तिला आधीं जिप्सम द्यावा लागतो, म्हणजे त्यांतील कॅल्शियम सोडियमला हुसकून लावतो.

यांतील अन्याय विशेष लक्षांत घेण्याजोगा आहे. अति पाणी पाजणारा बहुधा वरच्या अंगाचा, आणि जमीन जाते ती खालच्या अंगाच्याची. ज्याच्या वांट्यास पाटाचें पाणी आलेंहि नसेल, त्याच्याहि शेतांत मुरमांतून तें येऊन उभें राहतें.

या शतकाच्या नव्हे, गेल्या शतकाच्या आरंभीं मुंबई सरकारच्या नोकरींत असलेल्या विश्वेश्वरय्यांनीं याच कालव्यावर ब्लॉक पद्धति सुचविली. ऊस ब्लॉकच्या सुमारें तिसऱ्या हिश्शांत, बाकींत हलकीं पिकें, आणि दर वर्षीं पालट. पाणी अधिक गांवांस वांटलें जावें व एकाच रानांत सांचूं नये, हा हेतु. त्यांच्या खडकवासल्याच्या आपोआप उघडणाऱ्या दारांची कीर्ति फार. परंतु जमिनीच्या दृष्टीनें ही पद्धति अधिक मोलाची म्हणावी लागेल. १९१६ सालीं सरकारनें पाणीटंचाई व बिघडणाऱ्या जमिनी यांसाठीं एक खास शाखा काढली. क्लॉड इंग्लिस यांच्या हाताखालीं ती वाढली, आणि आज तीच खडकवासल्याची केंद्रीय जल व विद्युत् संशोधन संस्था आहे. चर मुरमापर्यंत पोंचला तरच निचरा होतो, वरवरचा चर व्यर्थ, हें दख्खनच्या कालव्यांवर या लोकांनीं अनुभवानें ठरविलें.

हाच प्रश्न खऱ्या वाळवंटांत गेला तो सिंधमध्यें. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यांतच होता. भाटघरच्या नव्या धरणाला आणि सक्करच्या बराजाला एकाच गव्हर्नराचें, लॉइडचें, नांव मिळालें. सक्करचा बराज १९३२ सालीं खुला झाला. साठ साठ फुटांचे ६६ गाळे आणि सात कालवे. तेथील माती नीरेच्या मातीहून अगदीं निराळी. सिंधुनदानें पुरांत आणून टाकलेला गाळ, अभ्रकाच्या कणांनीं चमकणारा, चुना भरपूर, कुजलेला पालापाचोळा नाममात्र, आणि रेती-गाळ-चिकणमातीचे थर एकाखालीं एक. पाऊस सहासात इंचांच्या आंतच. जुने कालवे पुराच्या दिवसांतच वाहत. हिंवाळ्यांत भूजल खालीं जाण्यास अवसर मिळे. बाराही महिने पाणी सुरू झालें आणि तो अवसर संपला. नीरेकांठीं निदान उतार होता, ओढे होते. सिंधमध्यें मैलास फूटभर उतार मिळणेंहि कठीण. पाणी जाणार कोठें? तेथील लोक अशा जमिनीस कल्लर म्हणतात. फाळणीनंतर, १९६० च्या सुमारास, पाकिस्तानला खोल नळविहिरी घेऊन हें पाणी उपसून काढण्याच्या मोठ्या योजना हातीं घ्याव्या लागल्या.

आज महाराष्ट्रांत क्षारांनीं बाधलेली जमीन सुमारें ६ लाख हेक्टर मानली जाते. उसाचा जोर कृष्णेच्या खोऱ्यांतहि पसरला तसें सांगली-कोल्हापूरकडे हेंच दुखणें आलें. तेथें आतां जमिनीखालीं सच्छिद्र नळ पुरून निचरा करतात, आणि गेलेलीं शेतें पुन्हां पिकास येतात. मात्र या नळांतून सुरुवातीस जें पाणी ओढ्यास मिळतें तें बरेंच खारट असतें, आणि ओढ्याच्या खालच्या अंगास दुसऱ्या कोणाचें तरी शेत असतें.