नेफेश : ‘आत्मा’ नव्हे, ‘जीव’

हिब्रू बायबलमधल्या ‘नेफेश’साठी आम्ही ‘आत्मा’ऐवजी ‘जीव’ योजला आहे. स्तोत्र ६९च्या आरंभी पाणी नेफेशपर्यंत चढते. तिथे अर्थ सरळ ‘गळा’ असा लागतो. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात जलचरही नेफेश आहेत आणि गणना ६:६मध्ये तर ‘मृत नेफेश’ म्हणजे चक्क प्रेत. देहाहून वेगळ्या, अविनाशी आत्म्याला हे कसे लागू पडावे? ग्रीक भाषांतरकारांनी इथे ‘प्सुखे’ वापरला, आणि प्लेटोच्या संवादांत प्सुखे अमर आहे, हा आक्षेप वजनदार आहे खरा. पण होमरच्या काव्यात प्सुखे म्हणजे प्राणही होतो, आणि गणनेतल्या त्या प्रेतालाही ग्रीकात प्सुखेच म्हटले आहे. ‘जीव गुदमरला’, ‘जीव गेला’ असे सहज बोलणाऱ्या मराठीला ही देहाशी जखडलेली जाण मुळीच परकी नाही. ‘आत्मा’ हा शब्द आम्ही ‘रूआख’ या दुसऱ्या हिब्रू शब्दासाठी राखला आहे.