गोगलगाय, जिंजर बिअर आणि एक हट्टी वकील

आजचा भाग जेवता जेवता ऐकणार असाल, तर आधी जेवून घ्या. नंतर मला शिव्या घालू नका.

सुरुवात माझ्या मावशीपासून करतो. चार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. शेजारच्या काकू तिच्याकडे थंड पेयाची बाटली घेऊन आल्या. मावशीने अर्धा ग्लास प्यायला, आणि उरलेलं ओतताना बाटलीतून काळं, लिबलिबीत असं काहीतरी बाहेर आलं. दोन दिवस उलट्या, मग सलाईन. मी म्हटलं, वकिलाला गाठू. मावशी म्हणाली, "अरे, बाटली मी विकत घेतलीच नव्हती. पावती नाही. आणि एवढ्या मोठ्या कंपनीशी भांडायला पैसे कुठून आणू? जाऊ दे." बाटली भंगारात गेली, विषय संपला.

मावशीच्या या हरकती लक्षात ठेवा. कारण जवळपास याच हरकती शंभर वर्षांपूर्वी स्कॉटलंडमधल्या एका बाईसमोर होत्या. तिचं नाव मे डोनह्यू. लॉ करणाऱ्यांनी हे नाव पहिल्याच वर्षी पाठ केलेलं असतं. पण पाठ केलेलं असतं ते न्यायाधीशाचं वाक्य. ती बाई आणि तिचा वकील बहुतेकांच्या लक्षात राहत नाहीत.

तर झालं असं. २६ ऑगस्ट १९२८, रविवार संध्याकाळ. (त्याच महिन्यात आपल्याकडे मुंबईत गिरणी कामगारांचा मोठा संप चालू होता, म्हणजे काळ डोळ्यांसमोर येईल.) मे ग्लासगोहून जवळच्या पेझ्ली गावात आली आणि मैत्रिणीबरोबर वेलमेडो कॅफेत गेली. ऑर्डर मैत्रिणीने दिली, पैसेही तिनेच दिले. मेसाठी आइस्क्रीम आणि त्यावर ओतायला जिंजर बिअर. नावात बिअर असली तरी ते आल्याचं फसफसणारं गोड पेय होतं. बाटली गडद, अपारदर्शक काचेची, आत काय आहे ते दिसायची सोयच नाही. कॅफेवाल्याने थोडी जिंजर बिअर आइस्क्रीमवर ओतली, मेने खाल्लं. मग मैत्रीण उरलेली ओतायला गेली, तर बाटलीतून कुजलेली गोगलगाय बाहेर आली. निदान मेचं म्हणणं तरी तसं होतं. तिच्या पोटात बिघाड झाला, डॉक्टर झाले, पुढे ग्लासगोच्या इन्फर्मरीत उपचार घ्यावे लागले.

ही मे कोण? तिशीतली, दुकानात काम करणारी बाई. सतराव्या वर्षी लग्न झालेलं, चार मुलांपैकी एकच जगलेलं, नवऱ्यापासून वेगळी होऊन भावाच्या घरी राहणारी. हातात पैसा नाही.

आता कायद्याची गंमत बघा. त्या काळी साधारण नियम असा होता की वस्तू खराब निघाली तर भरपाई मागायची ती कराराच्या जोरावर. करार कोणाशी? ज्याने पैसे दिले त्याच्याशी. पैसे दिले मैत्रिणीने, पण तिला काहीच झालं नव्हतं. झालं मेला, पण तिचा ना कॅफेवाल्याशी करार, ना बाटली भरणाऱ्या कारखानदाराशी. माल मुळातच धोकादायक असेल, उदाहरणार्थ विष किंवा स्फोटक, किंवा विकणाऱ्याने फसवलं असेल, तर गोष्ट वेगळी. जिंजर बिअर यातल्या कशातच बसत नव्हती.

इथे वॉल्टर लीचमन येतो. ग्लासगोचा वकील, शहराचा नगरसेवकही. या गड्याने नुकतीच अशीच एक केस लढवली होती. तिथेही जिंजर बिअरच, फक्त बाटलीत निघाला होता मेलेला उंदीर! २० मार्च १९२९ ला एडिंबराच्या वरच्या कोर्टाने निकाल दिला: कारखानदार आणि पिणारा यांच्यात करार नाही, सबब भरपाई नाही. चारपैकी फक्त एका न्यायाधीशाचं, लॉर्ड हंटर यांचं, मत वेगळं पडलं.

दुसरा वकील असता तर म्हणाला असता, बाई, आत्ताच तोंडावर आपटलोय, घरी जा. लीचमनने बरोबर वीस दिवसांनी, ९ एप्रिल १९२९ ला, मेच्या वतीने कारखानदार डेव्हिड स्टीव्हन्सनवर दावा ठोकला. ५०० पौंड भरपाई आणि वर खर्च. मला या सगळ्या गोष्टीत ही तारीख सगळ्यात जास्त आवडते. हरलेल्या केसची शाई वाळायच्या आत तोच प्रश्न त्याने पुन्हा कोर्टापुढे ठेवला.

स्टीव्हन्सनच्या वकिलांनी चलाख डाव टाकला. ते म्हणाले, घटकाभर धरून चालू की बाई म्हणते ते सगळं खरं आहे. तरी कायद्याने असा दावा होऊच शकत नाही. पहिल्या न्यायाधीशाने, लॉर्ड मॉनक्रिफ यांनी, जून १९३० मध्ये मेच्या बाजूने कौल दिला. नोव्हेंबरमध्ये वरच्या कोर्टाने तो फिरवला. आणि तिथे बसले होते उंदराच्या केसवालेच चार न्यायाधीश! तिघे विरुद्ध, हंटर एकटे बाजूने. पुन्हा तेच.

आता उरलं लंडनचं हाउस ऑफ लॉर्ड्स. तिथे अपील करायचं तर समोरच्याच्या खर्चासाठी आधी तारण भरावं लागे. हरलो तर ते गेलं. मेकडे असं काही नव्हतंच. यातून सुटायचा एक मार्ग होता, तो म्हणजे 'गरीब' म्हणून परवानगी मागायची. त्यासाठी तिने शपथेवर लिहून दिलं की अंगावरचे कपडे आणि हा दावा सोडला, तर जगात माझी पाच पौंडांचीही मालमत्ता नाही. चर्चच्या पाद्र्याने आणि दोन वडीलधाऱ्यांनी त्याला दुजोरा दिला. विचार करा, आपली गरिबी गावासमोर सही करून सांगायची! मार्च १९३१ मध्ये परवानगी मिळाली आणि तिचे वकील फी न घेता उभे राहिले.

२६ मे १९३२ ला निकाल लागला. पाच न्यायाधीश, तीन विरुद्ध दोन. मे जिंकली. लॉर्ड ॲटकिन यांनी 'शेजाऱ्यावर प्रेम कर' ही बायबलमधली शिकवण कायद्याच्या भाषेत आणली. आपल्या निष्काळजीपणाची झळ ज्याला बसेल हे आधीच लक्षात यायला हवं, तो आपला कायद्यातला शेजारी, आणि त्याला इजा होऊ नये म्हणून काळजी घेणं हे आपलं कर्तव्य. बाटली सीलबंद असेल आणि मधे कोणी तपासू शकत नसेल, तर शेवटी पिणारा हा कारखानदाराचा शेजारीच. विरोधात गेलेले लॉर्ड बकमास्टर म्हणाले की एक पायरी उतरलात तर पन्नास का नाही, उद्या घर बांधणाऱ्यालाही हेच लावाल. गंमत म्हणजे पुढे कायदा बऱ्यापैकी त्याच दिशेने गेला.

पण थांबा. गोगलगाय खरंच होती का? हे कोर्टाने कधी तपासलंच नाही! लॉर्ड्सनी फक्त एवढं ठरवलं की दावा होऊ शकतो. पुराव्यासाठी केस परत स्कॉटलंडला गेली, आणि सुनावणीआधीच नोव्हेंबर १९३२ मध्ये स्टीव्हन्सन वारला. शेवटी त्याच्या वारसदारांशी तडजोड झाली, २०० पौंडांवर असं सांगतात. मे कधीच साक्षीला उभी राहिली नाही. १९५८ साली ती मनोरुग्णालयात वारली.

तिचा निकाल आपल्या कोर्टांतही वर्षानुवर्षं दाखवला जातो. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर सदोष मालासाठी 'उत्पादन दायित्व' असं वेगळं प्रकरणच आहे. आणि मावशीच्या पहिल्या हरकतीचं उत्तरही कायद्यात आहे: विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच असतो. काकूंनी आणलेली बाटली चालली असती. ग्राहक आयोगात वकील न घेता स्वतःही तक्रार मांडता येते.

हे सगळं मी परवा मावशीला फोनवर सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता करता येईल का रे?"

तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. मावशीच्या गोष्टीला चार झालीत, आणि बाटली तर तेव्हाच भंगारात गेली.

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?" म्हणाली.