राजाची अंगठी आणि साखरपुड्याची यादी

राजघराण्यातल्या वाङ्निश्चयाच्या अंगठीकडे प्रेमाची खूण म्हणून पाहण्याची सवय अलीकडची आहे. राजाची अंगठी मुळात मुद्रा होती. तिच्यावर नाव कोरलेले असे आणि तिचा ठसा उमटला की हुकूम खरा ठरे. अशी अंगठी राजाने एखाद्या स्त्रीच्या बोटात घातली, म्हणजे दिलेल्या शब्दाचा पुरावाच तिच्या हवाली केला. या अंगठीचा इतिहास पुराव्याचा इतिहास म्हणून वाचावा, असे माझे मत आहे.

आपल्याकडची सर्वांत प्रसिद्ध राजमुद्रिका शकुंतलेची. महाभारतातल्या मूळ कथेत अंगठी नाहीच. तिथली शकुंतला विवाहाला होकार देण्याआधीच अट घालते, की माझा मुलगा युवराज झाला पाहिजे. दुष्यंताने भरसभेत नाकारल्यावर ती सत्याच्या बळावर त्याला खडसावते आणि शेवटी आकाशवाणी तिच्या बाजूने कौल देते. कालिदासाने राजाला विसर पाडणारा शाप आणला, नावाची अंगठी आणली आणि सगळा भार त्या सोन्यावर टाकला. शचीतीर्थावर अंगठी गळून पडते, तेव्हा शकुंतलेचा शब्दही निराधार होतो. पुढे तीच अंगठी माशाच्या पोटातून कोळ्याला मिळते, तर शिपाई त्याला चोर म्हणून बांधतात. हे दोन प्रसंग एकत्र वाचले पाहिजेत. राजाचे नाव असलेली वस्तू गरिबाच्या हातात दिसली की ती चोरीची ठरते आणि आश्रमकन्येच्या हातात नसली की ती स्त्री खोटी ठरते. पुरावा अंगठीत असला, तरी तो मानायचा की नाही हे राजसत्ताच ठरवते. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि ही अंगठी मराठी प्रेक्षकांच्या घरची झाली. पहिल्या प्रयोगात चारच अंक होते. अंगठी हरवल्याचे कळते तो पाचवा अंक नंतर आला.

युरोपात रोमन लोक वधूला बिनखड्याची लोखंडी अंगठी पाठवत. 1477 मध्ये ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनने बर्गंडीच्या मेरीला हिऱ्याची अंगठी दिली, तिथून राजघराण्यांत हिऱ्याचा मान वाढत गेला. त्या काळी युरोपात पोहोचणारे हिरे मुख्यतः भारतातून जात. पुढे गोवळकोंड्याचे नाव जगभर झाले. याचा अर्थ, ज्या खड्याने युरोपातले राजे वचन देत तो बहुधा आपल्या देशातल्या मातीतून निघालेला असे. 1947 मध्ये ब्रिटनच्या राजकन्या एलिझाबेथला फिलिपने दिलेल्या अंगठीतले हिरे त्याच्या आईच्या मुकुटातले होते. त्याच लग्नात हैदराबादच्या निजाम मीर उस्मान अली खानाने कार्तिए या पेढीचा हिऱ्यांचा हार आणि मुकुट भेट दिला. तेव्हा आमच्या वडवणीसह बीड जिल्हा निजामाच्याच राज्यात होता.

1981 मध्ये चार्ल्सशी साखरपुड्यासाठी डायनाने निवडलेली अंगठी वेगळी होती: मध्ये 12 कॅरटचा सिलोनी नीलम, भोवती 14 हिरे. 2010 मध्ये तिचा मुलगा विल्यमने तीच केटला दिली. तिकडे निळा खडा निष्ठेचा मानतात. आपल्याकडे नीलम शनीचा. शनीच्या साडेतीन पीठांपैकी एक मानले जाणारे राक्षसभुवन आमच्याच जिल्ह्यात, गोदाकाठी आहे. इथला माणूस पत्रिका दाखवल्याशिवाय नीलम बोटात घालत नाही, मग तो साखरपुड्यात कोण घालणार? एकाच दगडाचा अर्थ असा प्रदेशागणिक पालटतो. प्रतीकाला अर्थ समाज देतो, खनिज देत नाही.

वडवणीच्या परिसरात सोयरीक ठरते ती बैठकीत. सुपारी फुटते, मुलीला कुंकू लावतात, साडी-नारळ देतात आणि चार वडीलधाऱ्यांसमोर देण्याघेण्याची यादी होते. त्याच बैठकीत लग्न उरकले, तर त्याला ‘यादी पे शादी’ म्हणतात. पुराव्याचे काम इथे कागद आणि पंच करतात. दुष्यंताचे विसरणे चालून गेले, कारण वनात साक्षीला कोणी वडीलधारे नव्हते; इथे भावकीसमोर विसरणे फार अवघड. त्यामुळे मागाहून आलेल्या अंगठीला पुराव्याचे काम उरलेच नाही. ती मानपानात शिरली. मुलीकडच्यांनी नवऱ्या मुलाला किती ग्रॅमची घालायची, हे यादीतच लिहिले जाऊ लागले.

इथे दिशा उलटली आहे. दुष्यंताची अंगठी सत्ताधाऱ्याकडून मुलीकडे गेली होती. ही मुलीच्या बापाकडून जावयाकडे जाते आणि तो बाप ऊसतोड कामगार असेल, तर तिचे पैसे अनेकदा मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून येतात. हौसेने दिलेल्या अंगठीला कोणी बोल लावू नये. पण वजन ठरवून मागितलेले सोने 1961 च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याखाली येते आणि ज्या कागदावर ते मागितले, ती यादीच त्या मागणीचा लेखी पुरावा असते.