मैफलीचें माप : रॉक संगीतांतील एक जुना वाद

गाणें तबकडीवर ऐकणें निराळें आणि गाणाऱ्यासमोर बसून ऐकणें निराळें, हें रसिकांना सांगावयास नको. तबकडीसाठीं वाजवितांना फसलेला भाग पुन्हां वाजवितां येतो. श्रोत्यांसमोर सुटलेला सूर मात्र परत येत नाहीं. म्हणूनच प्रत्यक्ष प्रयोगांत कोणता बँड श्रेष्ठ, हा वाद रॉक संगीताच्या चाहत्यांत गेलीं कित्येक दशकें चालत आला आहे. कोणी बीटल्सचें नांव घेतो, कोणी 'द हू'चें, कोणी 'ग्रेटफुल डेड'चें, तर कोणी 'क्वीन'चें. हा सारा आवडीनिवडीचा प्रश्न आहे, असें म्हणून मोकळें होतां येईल. परंतु प्रत्येक पक्ष श्रेष्ठत्व कोणत्या मापानें मोजतो हें पाहूं लागलें, म्हणजे या वादाला इतिहासाचें रूप येतें.

पहिलें माप गर्दीचें. १५ ऑगस्ट १९६५ रोजीं न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बीटल्सना ऐकण्यासाठीं ५५,००० हून अधिक लोक लोटले. 'ऐकण्यासाठीं' असें मीं म्हटलें खरें, पण ऐकलें कितीजणांनीं? किंकाळ्यांचा असा कल्लोळ उसळला कीं, त्यांत वाद्यें बुडून गेलीं. वाजविणाऱ्यांचा आवाज त्यांच्याच कानीं घालणारे कर्णे त्यांच्यासमोर नव्हते. त्यामुळें आपण काय वाजवीत आहोंत, हें त्यांचें त्यांनाहि नीट ऐकूं येईना. १९६० ते १९६२ या काळांत याच बँडनें हॅम्बुर्गच्या क्लबांत रात्रीमागून रात्र तासन् तास वाजवून आपला हात तयार केला होता. तेथें पेयांत आणि गप्पांत गुंतलेल्या गिऱ्हाइकांचें लक्ष क्षणोक्षणीं जिंकून घ्यावें लागे. स्टेडियमवर तें न मागतां मिळूं लागलें, आणि वाजविण्यांतील गोडीच गेली. अखेर २९ ऑगस्ट १९६६ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथील कँडलस्टिक पार्कवर सुमारें अर्धा तास वाजवून त्यांनीं तिकिटाच्या प्रयोगांना रामराम ठोकला. कीर्ति शिखरावर असतां त्यांनीं रंगमंच सोडला तो श्रोते कमी पडले म्हणून नव्हे, तर ऐकणें संपलें म्हणून.

दुसरें माप जोराचें. १४ फेब्रुवारी १९७० रोजीं लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहांत 'द हू'नें केलेल्या प्रयोगाची तबकडी त्याच वर्षीं निघाली. या वादांत तिचें नांव निघाल्यावांचून राहत नाहीं, आणि तें योग्यच आहे. तिच्यांत जोर आहे, पण चौघेहि एकमेकांचा अंदाज घेत वाजवितात. ढोल पुढें सरसावला कीं गिटार त्याला उत्तर देते. परंतु १९७६ सालीं लंडनमधील चार्लटन येथील मैदानावर याच बँडचा आवाज कर्ण्यांपासून ३२ मीटर अंतरावर १२६ डेसिबल भरला, आणि जगांतील सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड म्हणून गिनेसच्या विक्रमग्रंथांत त्याची नोंद झाली. पुढें कानांना अपाय होतो म्हणून ती नोंदच बंद करण्यांत आली. बँडचे गिटारवादक पीट टाउनशेंड यांनीं आपलें श्रवण अधू झाल्याचें स्वतःच जाहीर केलें आहे. जोराच्या मापानें मिळविलेल्या विजयाची ही किंमत!

तिसरें माप नावीन्याचें. कॅलिफोर्नियाच्या 'ग्रेटफुल डेड'नें १९६५ ते १९९५ या तीस वर्षांत सुमारें २,३०० प्रयोग केले. काय वाजवावयाचें तें बहुधा आयत्या वेळीं ठरे, आणि एकच गीत एका रात्रीं थोडक्यांत आटपे, तर दुसऱ्या रात्रीं विस्तार पावे. श्रोत्यांना ध्वनिमुद्रणाची मुभा असे. १९८४ पासून तर त्यांच्यासाठीं वेगळी जागाच राखून ठेवूं लागले. १९७४ सालीं या बँडनें कर्ण्यांची एक प्रचंड भिंत वादकांच्या पाठीमागें उभी केली. हेतु हा कीं, श्रोत्यांच्या कानीं जें पडतें तेंच वादकांच्याहि कानीं पडावें. खर्च आणि वजन न पेलल्यामुळें ती त्याच वर्षीं सोडून द्यावी लागली. पण बीटल्सना छळणाऱ्या अडचणीला दिलेलें तें चोख उत्तर होतें.

चौथ्या मापाला मी संवादाचें माप म्हणतों. १३ जुलै १९८५ रोजीं लंडनच्या वेंब्ली स्टेडियमवर इथिओपियांतील दुष्काळग्रस्तांसाठीं मोठा जलसा झाला. प्रत्येकाला वेळ थोडा, आणि 'क्वीन'ची पाळी आली ती दिवसाच्या उजेडांत, म्हणजे रोषणाईचाहि आधार नाहीं. तरी अवघ्या २१ मिनिटांत फ्रेडी मर्क्युरी यांनीं सुमारें ७२,००० लोकांना आपलेंसें केलें. ते एक तान घेत आणि थांबत. समुदाय ती परत करी. मग पुढची तान थोडी अवघड येई. गर्दी तेथेंहि शे स्टेडियमसारखीच होती, पण येथें ती गाण्यावर ओरडत नव्हती, गाण्यांत सामील झाली होती. श्रोतेहो, हे मर्क्युरी म्हणजे झांझिबारला जन्मलेले पारशी गृहस्थ फारुख बलसारा. त्यांचें शालेय शिक्षण आपल्या पांचगणीस झालें, आणि शाळासोबत्यांच्या बँडमध्यें पियानो वाजवीत ते प्रथम लोकांपुढें आले तेहि तेथेंच.

तेव्हां निकाल काय? एका दिवसाच्या पराक्रमासाठीं मी 'क्वीन'च्या बाजूनें कौल देईन, आणि तीस वर्षांच्या व्रतासाठीं 'ग्रेटफुल डेड'च्या. लीड्सची रात्र या दोहोंच्या पंक्तीला सहज बसेल. बीटल्सच्या बाबतींत मात्र माझें मत शे स्टेडियमला न पडतां हॅम्बुर्गच्या त्या धुरकट क्लबांना पडेल. कारण या सर्व मापांच्या मुळाशीं असलेलें खरें माप कानाचें आहे. गाणारा श्रोत्याला ऐकवितो हें उघडच आहे; पण तो स्वतःला, साथीदारांना आणि श्रोत्यांना ऐकूं शकतो, तोंवरच मैफल जिवंत असते. हें माप ध्यानीं ठेवून आपापल्या घरीं हा वाद खुशाल चालवावा, एवढें सांगून मी आपली रजा घेतों.