खिताईच्या शोधात : बेंतो द गोइस आणि इसाक यांचा प्रवास

सोळाव्या-सतराव्या शतकातील ख्रिस्ती मिशनरी म्हटला की गोमंतकीय मराठी वाचकाच्या मनात दोन परस्परविरोधी चित्रे उभी राहतात. त्या शतकात गोव्यातील देवळे पाडली गेली, १५६० मध्ये इन्क्विझिशनची स्थापना झाली आणि देशी भाषांतील पोथ्या अग्नीच्या भक्ष्यस्थानी पडल्या, हे एक चित्र. १५७९ मध्ये गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीछंदात 'क्रिस्तपुराण' रचले व ते १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले, हे दुसरे. पोथ्या जाळणारा आणि पोथी रचणारा अशा या दोन प्रतिमांच्या छायेत एका तिसऱ्या प्रकारच्या मिशनऱ्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. तो होता प्रवासी. अशा प्रवाशांपैकी बेंतो द गोइस याची आणि त्याचा आर्मेनियन सोबती इसाक याची हकीकत येथे सांगावयाची आहे. एका ग्रंथालयाच्या शताब्दी ग्रंथात तिला स्थान असण्यास एक विशेष कारणही आहे. ते ओघात येईलच.

गोइस हा मूळचा अटलांटिक महासागरातील अझोर्स बेटांवरचा. त्याचा जन्म १५६२ चा. तो हिंदुस्थानात आला तो शिपाई म्हणून. पुढे विरक्ती येऊन तो गोव्यात जेझुइट संघात दाखल झाला, मध्येच बाहेर पडला आणि १५८८ मध्ये पुन्हा परतला. तो दीक्षित धर्मगुरू कधीच झाला नाही. अखेरपर्यंत 'ब्रदर' म्हणूनच राहिला. १५९५ मध्ये अकबर बादशहाच्या दरबारी जे तिसरे जेझुइट शिष्टमंडळ गेले, त्यात जेरोम झेविअर व मानुएल पिन्येइरो या दोन पाद्रींबरोबर गोइसही होता. फार्सी भाषा व दरबारी रीतिरिवाज त्याने तेथेच आत्मसात केले. बादशहाचा त्याच्यावर लोभ होता व १६०१ मध्ये गोव्यास पाठविलेल्या मोगल वकिलातीबरोबर तो येऊनही गेला होता.

या प्रवासाचे मूळ एका भौगोलिक कोड्यात होते. तेराव्या शतकात मार्को पोलोने 'कॅथे' नावाच्या वैभवशाली देशाचे व 'खानबालिक' या त्याच्या राजधानीचे वर्णन केले होते. पुढे पोर्तुगीज लोक समुद्रमार्गाने चीनला पोहोचले. परंतु हा चीन म्हणजेच तो कॅथे, हे युरोपात कोणाच्या ध्यानी येईना. दोन वेगळ्या वाटांनी कळलेला एकच देश नकाशांवर दोन देश होऊन बसला. अशात लाहोरच्या दरबारात एका मुसलमान व्यापाऱ्याने जेरोम झेविअर यांना सांगितले की, आपण तेरा वर्षे खिताईत राहिलो आहोत व तेथे ख्रिस्ती लोक पुष्कळ आहेत. चीनमध्ये असलेला मात्तेओ रिची हा जेझुइट विद्वान तोवर या निष्कर्षास आला होता की, खिताई म्हणजे चीनच होय. परंतु गोव्यातील वरिष्ठांना हे पटेना. कारण रिचीच्या चीनमध्ये असा ख्रिस्ती समाज आढळत नव्हता. अखेर जेझुइटांचे गोव्यातील निरीक्षक निकोलाव पिमेंता यांनी ठरविले की, कोणी तरी खुष्कीच्या मार्गाने जाऊन प्रत्यक्षच पाहावे. निवड झाली ती गोइसची.

२९ ऑक्टोबर १६०२ रोजी तो आग्र्याहून निघाला. लांब केस, वाढलेली दाढी, कमरेस तलवार, पाठीवर भाता, असा आर्मेनियन व्यापाऱ्याचा वेष त्याने केला होता व नाव घेतले होते 'अब्दुल्ला इसाई'. 'इसाई' हा शब्द त्याने मुद्दाम ठेवला. वेष व्यापाऱ्याचा असला तरी धर्म लपवावयाचा नाही, असा त्याचा निश्चय होता. अकबराने वाटखर्चासाठी द्रव्य दिले आणि वाटेतील राजांच्या नावे शिफारसपत्रेही दिली. बरोबर लिओ ग्रिमोन व दिमित्रिओस हे दोन ग्रीक होते. लाहोरला पोहोचल्यावर आणखी एक माणूस त्याला मिळाला. तो म्हणजे तेथे बायकोमुलांसह स्थायिक झालेला आर्मेनियन इसाक. पुढील सारा प्रवास या इसाकने निभावून नेला.

१६०३ च्या फेब्रुवारीत सुमारे पाचशे माणसांचा काफिला लाहोरहून हलला. अटक, पेशावर व पुढे खिंडीतील वाट. लुटारूंच्या भयाने चारशे शिपायांचे संरक्षण घ्यावे लागले, तरीही हल्ला झालाच आणि काफिल्यातील अनेक जण जखमी झाले. गोइस झाडीत पळाला म्हणून बचावला. काबूलला पोहोचता पोहोचता ग्रिमोनने हाय खाल्ली व तो माघारी वळला. दिमित्रिओस व्यापारासाठी काबुलातच थांबला. राहिले दोघे, गोइस आणि इसाक.

काबूलच्या दीर्घ मुक्कामात एक घटना घडली, ती पुढे फार उपयोगी पडली. काशगरच्या राजाची बहीण, जी खोतानच्या अधिपतीची माताही होती, मक्केची यात्रा करून परतत होती. वाटेत तिची लूट झाल्याने ती अडचणीत होती. गोइसने आपल्याजवळील माल विकून तिला सहाशे सुवर्णमुद्रा बिनव्याजी उसन्या दिल्या. ज्याला ठायी ठायी काफर म्हणून हिणविले जात होते, त्याने मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरू स्त्रीस द्रव्य द्यावे आणि तिने ते प्रामाणिकपणे फेडावे, ही गोष्ट त्या काळच्या धर्मवैराच्या इतिहासात आवर्जून नोंदवून ठेवावी अशी आहे.

बदख्शान ओलांडून काफिला पामीरच्या पठारावर चढला. उंचीमुळे माणसांना व जनावरांना श्वास घेणे कठीण झाले. त्यावर तेथील लोकांचा उपाय म्हणजे लसूण, कांदे व सुकविलेली जर्दाळू खाणे; जनावरांच्या हिरड्यांनाही लसूण चोळीत. पुढच्या बर्फाळ घाटांत गोइसची घोडी गारठून मेली. एका ओढ्याच्या थंडगार पाण्यात पडून इसाक आठ तास बेशुद्ध होता. गोइसने खटपट करून त्याला शुद्धीवर आणले. १६०३ च्या नोव्हेंबरात ते यारकंदला पोहोचले.

यारकंद ही त्या व्यापाराची मोठी पेठ. येथून चीनकडे जाणारा मुख्य माल म्हणजे जेड नावाचा मौल्यवान दगड. काफिल्याचे नायकपद राजा विकत असे आणि नायक आपल्या हाताखालील बहात्तर व्यापाऱ्यांच्या जागा विकत असे. अशी एक जागा मिळवून काफिला निघेपर्यंत गोइसला वर्षभर तिष्ठावे लागले. या अवधीत तो खोतानला जाऊन आला. दिलेल्या कर्जाची फेड त्याला उत्तम जेडच्या रूपाने झाली. त्याला परतण्यास उशीर झाला, तेव्हा मुल्लांनी त्याला ठार केल्याची आवई यारकंदमध्ये उठली. इसाकने तर शोकही आरंभिला होता. तोच गोइस सुखरूप परतला.

१६०४ च्या नोव्हेंबरात काफिला निघाला. अक्सू, कुचा ही गावे मागे पडली व कारशहर आले. या साऱ्या प्रवासाचा उत्कर्षबिंदू येथेच आहे. चीनहून परतणारे काही मुसलमान व्यापारी त्यांना भेटले. पेकिंगमध्ये परकीय वकिलांच्या ज्या वाड्यात ते उतरले होते, तेथेच काही काळ रिची व त्याचे सोबती राहत होते. त्यांनी बादशहाला घड्याळे, वाद्य व चित्रे भेट दिल्याचे या व्यापाऱ्यांनी सांगितले. वर त्यांनी एक कागदाचा चिठोरा काढून दाखविला. पोर्तुगीज भाषेत काही लिहिलेला तो कागद वाड्यातील केरातून त्यांनी कुतूहलाने उचलून आणला होता. गोइसचा संशय फिटला. खानबालिक म्हणजे पेकिंग व खिताई म्हणजे चीन! ज्या प्रश्नासाठी पोप, स्पेनचा राजा व गोव्याचा व्हाइसरॉय यांच्यापर्यंत पत्रव्यवहार गेला होता, त्याचे उत्तर केरातल्या एका कपट्याने दिले.

त्यानंतरचा सारा वृत्तांत उताराचा आहे. गोइस मुख्य काफिल्याची वाट न पाहता पुढे निघाला. तुर्फान व हामी येथे मुक्काम करून, टोळ्यांच्या भयाने रात्री-अपरात्री वाळवंट तुडवीत तो चीनच्या भिंतीकडे सरकला. अशाच एका रात्री तो घोड्यावरून पडून मागे राहिला. इसाकने परत फिरून अंधारात त्याला शोधून काढले. च्यायुक्वानच्या दरवाजाशी आत शिरण्याच्या परवान्यासाठी पंचवीस दिवस थांबून १६०५ च्या अखेरीस ते सुचौ, म्हणजे आजच्या कान्सू प्रांतातील चिउच्वान, येथे पोहोचले. ज्या अकबराची शिफारसपत्रे घेऊन तो निघाला होता, तो बादशहा त्याच वर्षी ऑक्टोबरात निवर्तला होता.

सुचौला आला तेव्हा गोइसपाशी तेरा घोडे, पाच पगारी नोकर, वाटेत विकत घेतलेले दोन मुलगे आणि जेडचा साठा, अशी अडीच हजार डुकॅट किमतीची मालमत्ता होती. परंतु परवान्याविना राजधानीकडे पाऊल टाकता येत नव्हते. बसून खाण्यात द्रव्य सरले. जेड निम्म्या किमतीत विकावे लागले. त्याने रिचीला पाठविलेले पहिले पत्र पोहोचलेच नाही, कारण चिनी नाव व पत्ता ठाऊक नसल्याने ते केवळ युरोपीय लिपीत लिहिले होते. दुसरे पत्र १६०६ च्या नोव्हेंबरात पेकिंगला पोहोचले. रिचीने तातडीने जोव्हान्नी फर्नांदेस नावाच्या चिनी ख्रिस्ती तरुणास धाडले. वाटेत नोकराने लुबाडले तरी तो ३१ मार्च १६०७ रोजी सुचौत येऊन ठेपला. गोइस अंथरुणास खिळला होता. रिचीची पत्रे हाती पडताच त्याच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले. ती रात्र त्याने पत्रे उराशी धरून काढली. त्यानंतर अकरा दिवसांनी, ११ एप्रिल १६०७ रोजी, त्याचा अंत झाला.

या प्रवासात गोइस बारकाईने रोजनिशी लिहीत असे. गावांची नावे, अंतरे, राजांचे स्वभाव व बाजारातील व्यवहार, सर्व तीत होते. दुर्दैव असे की, काफिल्यातील कोणाकडे किती येणे आहे, याचा हिशेबही त्याच वहीत होता. त्याने डोळे मिटताच ऋणकऱ्यांनी धाव घेऊन ती वही फाडून टाकली. कर्ज बुडविण्यासाठी इतिहासच फाडला गेला. इसाकला बांधून ठेवून धर्म बदलण्याची धमकी देण्यात आली. फर्नांदेसने न्यायासनापुढे दाद मागितली. महिनोन् महिने खटला चालला. दोघांत एकही सामाईक भाषा नव्हती, म्हणून फर्नांदेस त्या अवधीत इसाककडून फार्सी शिकला. अखेर मालमत्तेचा काही भाग आणि रोजनिशीच्या मिळाल्या तेवढ्या चिंध्या घेऊन ते पेकिंगला पोहोचले.

तेथे सुमारे महिनाभर रिचीने इसाककडून सारी हकीकत ऐकली. फाटक्या पानांतील नावे व इसाकची स्मरणशक्ती यांच्या आधारे त्याने या प्रवासाचा वृत्तांत सिद्ध केला. रिची १६१० मध्ये वारला. त्याचे लेखन निकोला त्रिगो याने लॅटिनमध्ये आणून १६१५ मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे राचोलला 'क्रिस्तपुराण' छापले जाण्याच्या अवघे एक वर्ष आधी. तरीही युरोपातील नकाशांवरून 'कॅथे' हा वेगळा देश पुसला जाण्यास पुढे बराच काळ लागला.

मिशन म्हणून पाहता हा प्रवास निष्फळच म्हणावा लागेल. ज्या ख्रिस्ती समाजाच्या आशेने गोइस निघाला, तो त्या रूपात तेथे नव्हता. जे सिद्ध झाले ते रिचीने आधीच ताडले होते. पदरी आला तो मध्य आशियातील वाटांचा, बाजारांचा व माणसांचा एक दुर्मीळ वृत्तांत. आणि तो ज्याच्या तोंडून आला त्या इसाकचे नाव ग्रंथाच्या मुखपृष्ठावर नाही.

इसाकचे पुढे काय झाले, हे मराठी वाचकाने जाणून घ्यावे असे आहे. तो मकाववरून जहाजाने हिंदुस्थानाकडे निघाला, सिंगापूरच्या सामुद्रधुनीजवळ डचांच्या हाती सापडला आणि सुटून मलाक्क्यास आला. तेथून हिंदुस्थानात पोहोचल्यावर पत्नी निवर्तल्याचे त्याला समजले. मग लाहोरला न जाता तो कोकणच्या किनाऱ्यावर चौल येथे राहिला. रेवदंड्याच्या पोर्तुगीज कोटाच्या भिंती आजही तेथे उभ्या आहेत. पामीरचे बर्फ, गोबीचे वाळवंट व चीनची भिंत पाहिलेला हा मनुष्य आपल्या अष्टागरात नारळी-पोफळींच्या सावलीत विसावला. ग्रंथालये जपतात ती छापील पाने. परंतु त्या पानांत जे उतरते, त्यातील पुष्कळसे प्रथम अशाच एखाद्या इसाकच्या स्मरणात सांभाळलेले असते. म्हणून त्रिगोचा तो ग्रंथ ज्या सूचीत येईल, तेथे गोइस व रिची यांच्या जोडीला चौलच्या या रहिवाशाचाही उल्लेख व्हावा, एवढीच अपेक्षा.