बटाटा, आलू आणि खालीवर विस्तव

बीड तालुक्यातील मांजरसुंबा हे बालाघाटाच्या डोंगररांगेतले गाव रस्त्यांच्या छेदामुळे ओळखले जाते. सोलापूरहून धुळ्याकडे जाणारा महामार्ग आणि पाटोद्याहून केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता येथे एकमेकांना छेदतात. पुणे-अहिल्यानगरच्या बाजूने येणारा प्रवासी ज्या कंदाला 'बटाटा' म्हणतो, त्यालाच मराठवाड्यातील अनेक घरांत 'आलू' म्हणतात. या भेदाकडे केवळ बोलीचा भेद म्हणून पाहणे पुरेसे नाही. घरच्या ओव्हनमध्ये भाजलेल्या बटाट्याला आपण सहजपणे 'परका पदार्थ' ठरवतो. तो निवाडा कितपत टिकतो, हे तपासण्यासाठी या दोन शब्दांइतका चांगला साक्षीदार नाही.

'बटाटा' पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या 'बटाटा' या शब्दाचे मूळ कॅरिबियन बेटांवरील ताइनो भाषेत आहे आणि तेथे त्याचा अर्थ होता रताळे. 'आलू'चा मार्ग वेगळा. संस्कृतात 'आलु' हे खाण्याजोग्या कंदाचे जुने नाव. 'रक्तालु'पासून आपले 'रताळे' झाले. 'अळू'चा संबंधही याच 'आलु'शी जोडला जातो. म्हणजे नव्या कंदाला किनाऱ्यावर परके नाव मिळाले आणि उत्तरेकडे घरातलेच जुने नाव बहाल झाले. गंमत अशी, की दोन्ही शब्दांची वाट रताळ्याच्या दारावरून जाते.

या गोंधळामुळे जुने पुरावे वाचताना सावध राहावे लागते. टॉमस रो या इंग्रज वकिलाबरोबर मोगल दरबारात वावरलेला पाद्री एडवर्ड टेरी याने १६५५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तात असफखानाच्या मेजवानीतील 'पोटॅटो'चा उल्लेख केला आहे. भारतातील बटाट्याचा आद्य उल्लेख म्हणून तो वारंवार दाखवला जातो. परंतु त्या काळच्या इंग्रजीत हा शब्द रताळ्यासाठीही वापरला जात असे. शब्द जुना सापडला म्हणजे वस्तूही तीच होती, असे मानता येत नाही. जुन्या संहिता वाचणाऱ्यांना हा धडा नवा नाही. स्वयंपाकघराच्या इतिहासात मात्र तो हमखास विसरला जातो.

'ज्ञानेश्वरी' १२९० सालची, आणि कोलंबस अमेरिकेला पोहोचला १४९२ साली. तेव्हा ज्ञानेश्वरांच्या काळातील एकादशीला बटाटा असणे शक्यच नव्हते. आज उपवासाच्या ताटात काय असते? बटाटा, रताळे, शेंगदाणे, हिरवी मिरची आणि साबुदाणा, जो आपल्याकडे कसाव्याच्या कंदापासून बनतो. या सर्व वनस्पतींचे मूळ अमेरिका खंडात आहे. ज्या ताटात सोवळ्याओवळ्याचा सर्वाधिक विचार होतो, तेच सर्वाधिक परदेशी निघते! यात ढोंग शोधण्याचे कारण नाही. 'कंदमूळ' या जुन्या कल्पनेने नव्या कंदांना जागा करून दिली, एवढाच याचा अर्थ.

आता राहिला प्रश्न ओव्हनचा. खालून आणि वरून एकाच वेळी आच देणे हे ओव्हनचे मुख्य कार्य. ही युक्ती मराठी घरांना ठाऊक होती. मुंबईच्या पाठारे प्रभूंचे भानोले पातेल्यात घालून खाली मंद विस्तव आणि झाकणावर निखारे ठेवून भाजले जाई. आज तेच ओव्हनमध्ये होते. याच समाजातील लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' हे पुस्तक १९१० सालचे. बीड मात्र १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तेथील 'दम' देण्याची रीत, म्हणजे कणकेने झाकण लिंपून वर निखारे ठेवणे, ही त्याच युक्तीची दख्खनी बहीण. आणि हुरड्याच्या दिवसांत शेतातली आगटी पेटली, की निवत आलेल्या राखेत कंद पुरून ठेवायला कोणाला पुस्तक लागत नाही.

राखेतला कंद चारही बाजूंनी, सावकाश आणि आपल्याच वाफेत शिजतो. घरच्या ओव्हनमध्ये हेच साधायचे, तर बटाटे सालासकट अर्धवट उकडावेत, दोन भाग करून पूर्ण कोरडे होऊ द्यावेत, तूप, मीठ, जिरे आणि ठेचलेली मिरची चोळावी आणि २०० अंश सेल्सिअसवर ३५ ते ४० मिनिटे, मध्ये एकदा उलटून, भाजावेत. शेंगदाण्याचे कूट शेवटच्या पाच मिनिटांत, नाहीतर ते करपते. कोरडेपणाचा आग्रह उगाच नाही: पृष्ठभागावर पाणी आहे तोवर त्याचे तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही, आणि खरपूस रंग साधारण १४० अंशांपुढे चढतो. फ्रिजमध्ये ठेवलेल्या बटाट्यात पिठाची साखर होते, म्हणून तो लवकर काळवंडतो. भाकरी किंवा भगरीबरोबर हे तोंडीलावणे उत्तम लागते.

मराठीत या क्रियेला स्वतंत्र क्रियापद नाही, अशी तक्रार ऐकू येते आणि मग 'बेक करणे' लिहिले जाते. पण निखाऱ्यावरचे वांगे, तव्यावरची भाकरी, भट्टीतला पाव आणि आव्यातले मडके या सर्वांना आपण 'भाजणे' हेच क्रियापद वापरत आलो आहोत. त्याने आजवर अग्नीचे इतके प्रकार सामावून घेतले; विजेच्या तारेची आच त्याला जड जाण्याचे कारण दिसत नाही. परके काय आणि आपले काय, हे मुळाच्या पत्त्यावरून ठरवू लागलो, तर ताटात फारसे काही उरणार नाही. वापरावरून ठरवले, तर बटाटाही आपला, आलूही आपला. पाककृती लिहिताना निदान 'बटाटा भाजावा' एवढे तरी आपण निःसंकोच लिहावे.