स्टेपर मोटर ड्रायव्हर (घरगुती सीएनसी यंत्रासाठी)

नियंत्रकाकडून येणाऱ्या स्पंदांनुसार स्टेपर मोटरच्या कॉइलांना मोजका विद्युत्प्रवाह देणारे इलेक्ट्रॉनिक मंडल. मोटरचा एक पूर्ण फेरा सहसा २०० पायऱ्यांचा, म्हणजे दर पायरीला १.८ अंशांचा असतो. घरी बांधलेल्या यंत्रात बिघाडाचे खापर बहुधा मोटरवर फुटते. कारण मात्र अनेकदा ड्रायव्हरची चुकीची निवड किंवा मांडणी हे असते.

निवड : नेमा १७ (तोंडाची चौकट सुमारे ४२ मिमी.) मोटरच्या हलक्या खोदकाम यंत्रांना ए४९८८ किंवा डीआरव्ही८८२५ हे छोटे ड्रायव्हर पुरतात. पहिला कमाल ३५ व्होल्टचा, दुसरा ४५ व्होल्टचा. लाकूड, प्लायवुड वा ॲल्युमिनियम कापणाऱ्या नेमा २३ (सुमारे ५७ मिमी.) मोटरसाठी डीएम५४२ धर्तीचा, २० ते ५० व्होल्टचा, कमाल ४.२ अँपिअर शिखर प्रवाहाचा डिजिटल ड्रायव्हर योग्य होय. टीबी६६०० या नावाने विकल्या जाणाऱ्या काही बोर्डांवर प्रत्यक्षात वेगळीच चिप असते. त्यामुळे वेष्टनावरील आकडा हमी मानू नये.

पुरवठ्याचे व्होल्टेज मोटरच्या पाटीवरील व्होल्टेजहून बरेच जास्त लागते, हे नवख्याला पटत नाही. वेग वाढला की कॉइलच्या प्रेरकत्वामुळे प्रवाह वेळेत चढत नाही आणि जोर घटतो. जास्त व्होल्टेज ही उणीव भरून काढते. कमाल मर्यादेसाठी ३२ गुणिले प्रेरकत्वाचे (मिलिहेन्री) वर्गमूळ हा ठोकताळा वापरतात. ४ मिलिहेन्रीला तो ६४ व्होल्ट देतो. तरी ड्रायव्हरची स्वतःची मर्यादा पाळावी लागते. ५० व्होल्टच्या ड्रायव्हरला ३६ व्होल्टचा पुरवठा जोडणे शहाणपणाचे; मोटर एकदम मंदावताना उलट येणाऱ्या व्होल्टेजला जागा उरते.

प्रवाह : ए४९८८ वर छोटा पेच फिरवून संदर्भ व्होल्टेज ठरवतात. संवेदक रोध ०.१ ओहमचा असल्यास १ अँपिअरसाठी ०.८ व्होल्ट, डीआरव्ही८८२५ ला ०.५ व्होल्ट. रोध बोर्डागणिक बदलतो, म्हणून तो आधी वाचावा. डीएम५४२ मध्ये हेच काम छोट्या स्विचांनी होते. २.८ अँपिअरच्या मोटरला २.८४ ची जागा निवडावी. स्विचवरील हा आकडा शिखराचा असल्याने पुढची जागा घ्यावी की नाही, याबद्दल मतभेद आहेत. मोटर हाताला गरम लागणे स्वाभाविक आहे.

मायक्रोस्टेप (एका पायरीचे १/८, १/३२ असे लहान भाग) : येथेच सर्वाधिक गफलत होते. ५ मिमी. अंतराच्या बॉलस्क्रूला १/८ वर दर मिलिमीटरला ३२० स्पंद लागतात, १/३२ वर १,२८०. आर्डुइनो उनोवरील जीआरबीएल हे नियंत्रक सॉफ्टवेअर सेकंदाला सुमारे ३०,००० स्पंद देते. म्हणजे १/८ वर वेगमर्यादा मिनिटाला सुमारे ५,६०० मिमी. आणि १/३२ वर जेमतेम १,४०० मिमी. अचूकता त्या प्रमाणात वाढत नाही. चाल गुळगुळीत होते एवढेच. बहुतेक रूटर यंत्रांना १/८ पुरे. दर मिलिमीटरच्या स्पंदांचे मूल्य जीआरबीएलच्या $१०० ते $१०२ मध्ये लिहावे. त्यानंतर $१२० ते $१२२ मधील त्वरण पायरी चुकेपर्यंत वाढवून थोडे खाली आणावे.

पनवेल परिसर : सांगाड्याचे लोखंड कळंबोलीच्या पोलाद बाजारात आणि इलेक्ट्रॉनिक सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात. कोकणपट्टीच्या पावसाळी दमट हवेत बॉलस्क्रूवर गंज चढतो, घर्षण वाढते आणि पायऱ्या चुकू लागतात. अशा वेळी प्रवाह वाढवण्याआधी स्क्रू पुसून तेल द्यावे. एमडीएफची भुकटी ड्रायव्हरवर बसू नये म्हणून पेटी बंद व पंख्याला गाळणी असावी. राज्यात अशा यंत्रांच्या हाताळणीला जुनी परंपरा आहे : डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापलेल्या पाबळच्या (जि. पुणे) विज्ञान आश्रमात २००२ मध्ये फॅब लॅब (संगणक-नियंत्रित यंत्रांची कार्यशाळा) सुरू झाली.

आवाज : टीएमसी२२०९ धर्तीचे ड्रायव्हर अत्यंत शांत चालतात.

सुरक्षा : वीज चालू असताना मोटरची तार कधीही काढू नये, ड्रायव्हर जळू शकतो.